त्या नावावरची शिट्टी

डॉक्टर मॅडमनी शेल्फवरून प्लास्टरचा एक जबडा उचलला, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली, खिडकीजवळ नेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाल्या, "हे गृहस्थ गेले असणार आता. टाकून द्या." दातकरने जबडा हातात घेतला तेव्हा त्याला दिसलं की तो त्याचा स्वतःचा आहे. शंकेला जागाच नव्हती. वरचा डावा सुळा जरा बाहेर आलेला, बाटलीचं झाकण दातांनी उघडण्याच्या वयात त्याच्या टोकाचा उडालेला टवका, आणि खालचे पुढचे दोन दात लांबच्या प्रवासात झोपी गेलेल्या अनोळखी प्रवाशांसारखे एकमेकांच्या अंगावर रेललेले. शिकाऊ असताना वर्गातल्या मुलांनी एकमेकांच्या तोंडाची मापं घेतली होती, त्यातला हा साचा. पुढे नोकऱ्या बदलल्या, खोकी बदलली, चिठ्ठी गळून पडली, आणि हा जबडा कधीतरी गिऱ्हाइकांच्या जबड्यांत मिसळून गेला. "मॅडम, हा मी," एवढंच म्हणायचं होतं. पण मॅडम पुढच्या जबड्याकडे वळल्या होत्या ("ह्या बाई आहेत अजून, ठेवा"), आणि 'गेले असणार' हे त्या इतक्या सहज म्हणाल्या होत्या की त्यांना खोडून काढणं त्याला उद्धटपणाचं वाटलं. शिवाय थोडा विचार केल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्यांचं फारसं चुकलेलंही नाही. ह्या साच्यातला माणूस खरंच गेला होता. त्याच्या दोन दाढा तर गेल्याच होत्या, आणि त्या कुठल्या कचऱ्यातून कुठे पोचल्या हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. त्याने जबडा कचऱ्याच्या डब्यावर धरला. मॅडमची पाठ वळल्यावर रुमालात गुंडाळून जेवणाच्या पिशवीत टाकला. घरी बायकोने पिशवी उपसली आणि विचारलं, "हे कोण?"

"मी."

"हसताय कशाला पण?" ती म्हणाली, आणि तिने तो स्वयंपाकघराच्या सारख्या आपटणाऱ्या खिडकीत अडकवला. खिडकी आपटायची थांबली. "बरा आहे हा," ती म्हणाली. "कामाला तरी येतो, आणि बोलत नाही."

दातकर हे त्याचं आडनाव नव्हतं. दवाखान्यामागच्या अरुंद खोलीत तो इतकी वर्षं कवळ्या बनवत होता की त्याचं खरं आडनाव मॅडमना पगाराच्या दिवशीच आठवायचं. त्या खोलीत माणसं येत नसत, नुसती तोंडं येत. माप यायचं, त्यात प्लास्टर ओतायचं, साचा बिजागरीच्या सांगाड्यावर चढवायचा, मेणात दात रोवायचे, मेणाच्या जागी गुलाबी ऍक्रिलिक आणायचं, घासायचं, चमकवायचं आणि पाठवून द्यायचं. त्याला हे काम आवडायचं, कारण त्यात सगळं मोजता येत होतं. दात हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, असं तो पाहुण्यांना अभिमानाने सांगत असे. आगीत टिकतो, मातीत टिकतो, माणसाचं काही म्हणजे काही उरत नाही तेव्हा त्याचे दात उरतात आणि त्यावरून तो कोण होता हे ठरवतात. हे ज्ञान आजवर त्याच्या बाजूने होतं. जबडा खिडकीत बसल्यापासून ते उलटलं. चहा पिताना त्याला वाटे, हा कप उरणार, हे टेबल उरणार, ही बत्तीशी उरणार, आणि मधला मी तेवढा जाणार. ऍक्रिलिक तर कुजतही नाही. आपण आयुष्यभर जी हसणारी तोंडं घडवली ती सगळी एक दिवस मालकांवाचून, आपल्यावाचून, कुठे कुठे मातीत दात विचकत पडून राहणार, ह्या कल्पनेने भर दुपारी त्याचं बोट आपोआप स्वतःच्या नाडीवर जाई. न्हाव्याकडे गेला आणि न्हाव्याने पांढरं कापड झटकून हनुवटीपर्यंत ओढलं, तेव्हा तो खुर्चीतून अर्धा उठून म्हणाला, "चेहरा झाकू नका हां." न्हावी वस्तरा हातात धरून थांबला. "चेहरा झाकला तर दाढी कशाची करू, साहेब?"

भीतीला तोंड असतं तर त्याने तिचं माप घेतलं असतं. पण ती आली की आधी त्याला वडील आठवत आणि वडिलांच्या आधी पंखा. वडील टाइपरायटर दुरुस्त करत. देव, आत्मा, परलोक यांतलं काही घरात शिरू द्यायचे नाहीत. जेवताना कोणाच्या मरणाची बातमी आली तर म्हणत, "स्प्रिंग सुटली," आणि भाजी वाढून घेत. त्यांची स्वतःची स्प्रिंग सुटली ती एका उन्हाळ्यात, दुपारी, खाटेवर, आणि खोलीत फक्त दातकर होता. वडिलांनी डोळे उघडून छताकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "तो पंखा जरा". दातकर क्रियापदाची वाट बघत बसला. वडील शब्द शोधताहेत असं समजून तो बराच वेळ शहाण्या मुलासारखा थांबला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की ते शब्द शोधत नाहीयेत. तेव्हा त्याने उठून पंखा बंद केला. तेव्हापासून घरात त्यावर एकमत नाही. आई म्हणायची, त्यांना कायम थंडी वाजायची, हळू कर म्हणायचं असणार. ताई म्हणते, छे, जीव घुसमटत होता, वाढवायला सांगत होते. काका म्हणतात, तुम्ही दोघी वेड्या आहात, पंखा कुरकुरत होता आणि दादाला कुरकुर सहन व्हायची नाही, तेल घाल म्हणाला असता. कोणाचंही लग्न असो की बारसं, जेवणं झाली की पंखा निघायचाच. दातकर ह्या वादात पडत नसे. मधे थांबलेलं ते वाक्य त्याच्या अंगात कुठेतरी तसंच फिरत राहिलं होतं, आणि आता त्याला वाटायला लागलं होतं की आपलंही असंच काहीतरी होणार. आपण 'मीठ जरा' म्हणू आणि संपू, आणि पुढची वीस वर्षं आपल्या सासुरवाडीची माणसं मिठावर भांडतील.

अशात एके दिवशी भूगोलाच्या बाई आल्या. भूगोलाच्या बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, ताठ, बारीक, चष्म्याला दोरी. वरची कवळी दातकरनेच केलेली होती. त्या मॅडमसमोर खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "चावायला छान आहे. बोलायला छान आहे. गाताना शिट्टी वाजते."

"गाऊन दाखवा," मॅडम म्हणाल्या.

"दवाखान्यात मला गाता येत नाही. इथे नेहमी कोणाचा तरी हात तोंडात असतो. मी चर्चच्या गायकवर्गात आहे, आणि ती शिट्टी सगळीकडे वाजत नाही. नेमकी त्याच्या नावाला वाजते." बाईंनी आवाज खाली आणला. "येशू म्हणताना. शू लांबवला की कुकरसारखी. पुढच्या बाकावरची पोरं आता ते नाव कधी येतं याची वाटच बघत असतात. पाळकसाहेबांना वाटलं, मुलांना नामाची गोडी लागली."

मॅडम हसू दाबत आतल्या खोलीकडे वळून म्हणाल्या, "दातकर, रविवारी जाऊन ऐकून या बरं. कुठे हवा अडते ते जागेवरच कळेल."

अशा रीतीने, ज्या घरात देवाला उंबऱ्याच्या आत घेतलेलं नव्हतं त्या घरचा दातकर खिशात बारीक कानस आणि मनात निव्वळ ध्वनिशास्त्र घेऊन चर्चच्या शेवटून दुसऱ्या बाकावर बसला. बाकाची पाठ इतकी सरळ होती की माणूस आपोआप प्रामाणिक दिसे. उंच छतावरून लांब दांड्यांचे पंखे लोंबत होते, त्यांतला एक बरोबर त्याच्या डोक्यावर, किंचित डुगडुगणारा. त्याने बाक बदलायचा विचार केला, पण तेवढ्यात सगळे उभे राहिले. पहिल्या गीताच्या दुसऱ्या ओळीला ते नाव आलं आणि शिट्टी वाजली. पुढच्या बाकावर चार-पाच लहान खांदे आनंदाने हलले. दातकरला तिथल्या तिथे दोष कळला. वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूवर ऍक्रिलिकचा थर केसभर जाड राहिला होता, जीभ वर गेली की हवेची वाट अरुंद होत होती. पाच मिनिटांचं काम. निदान पक्कं झालं, आता उठून जायला हरकत नव्हती. पण बाकाच्या मधोमध होता, दोन्ही बाजूंना माणसं, म्हणून बसला, आणि बसल्यामुळे शब्द कानावर पडले. ही सगळी माणसं, कारकून, नर्सा, निवृत्त ड्रायव्हर, एक पाव भाजणारा आणि त्याच्या जाडजूड मुली, खणखणीत आवाजात मरणाबद्दल गात होती. आणि कशी? बदलीचा हुकूम आल्यासारखी. जायचं आहे, जागा तयार आहे, ओळखीची माणसं आधीच तिकडे पोचली आहेत. कोणाच्याही आवाजात कंप नव्हता. पाव भाजणारा तर 'कबर' ह्या शब्दावर मान डोलावत होता. दातकरला आधी हसू आलं, मग राग आला. पुराव्याशिवाय इतक्या मोठ्याने गायचं म्हणजे काय! मग शेवटचं गीत संपलं, आणि आपण अर्धा तास आपल्या नाडीवर बोट ठेवायला विसरलो आहोत हे त्याच्या लक्षात आलं.

उपासनेनंतर मागच्या खोलीत, चहाच्या टेबलावर, बाईंनी पाठ फिरवून कवळी काढली आणि रुमालावर ठेवून त्याच्यापुढे सरकवली. त्याने कानस काढली. जिथे पाच मिनिटं पुरली असती तिथे त्याने नखावर मावेल एवढा भुगा काढला आणि थांबला. घासलेलं परत चिकटवता येत नाही, तेव्हा जपून केलेलं बरं, असं त्याने स्वतःला सांगितलं. कवळी परत देताना हेच तो बाईंनाही म्हणाला. "पुढच्या रविवारी परत ऐकून बघतो." बाईंनी मान हलवली.

पुढच्या रविवारी शिट्टी वाजली, आणि त्याच्या छातीत हलकं झालं. त्याच्या पुढच्याही रविवारी वाजली. बायको म्हणाली, "कवळी आहे का पूल बांधताय?" तो म्हणाला, नाजूक काम आहे. ती म्हणाली, "तुम्हाला तिथलं काही लागलं तर नाही ना? आता नावबिव बदलणार का?" तो म्हणाला, "बदलायला आहे कुठे? सगळे दातकरच म्हणतात." ती हसली, पण त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. तिचं बरोबर होतं. सोमवार ते शनिवार भीती आपल्या वेळेला येत होती, लिफ्टमध्ये, जिन्यावर, ऍक्रिलिक शिजत असताना, पण आता तिला एक शेवट होता: रविवार. आपण विश्वास ठेवतो आहोत असं तो चुकूनही म्हणाला नसता. विज्ञानाचा माणूस होता, वडिलांचा मुलगा होता. वडील वर असते तर (आणि इथेच गाडं अडत होतं) त्यांनी कपाळाला हात लावला असता. शरीर पुन्हा उठणार, असं ती माणसं म्हणत. उठणार तर कुठलं? खिडकीतल्या साच्यातलं, सगळ्या दाढांसकट, की आत्ताचं, वाढलेल्या पोटाचं? त्याने हा प्रश्न चहाच्या टेबलावर भीतभीत बाईंपुढे मांडला. बाई म्हणाल्या, "मी तर माझे मूळचे दात मागून घेणार. तुमचे चांगले आहेत, वाईट वाटून घेऊ नका."

त्या टेबलाची एक गंमत होती. बाईंची कवळी त्याच्या हातात असेपर्यंत बाई बोलत नसत. तोंडावर रुमाल धरून नुसत्या बघत. आयुष्यभर वर्गाला गप्प बसवणारी बाई समोर गप्प बसलेली. तेव्हा बोलणं त्याच्यावर येई. पहिल्यांदा तो ऍक्रिलिकबद्दल बोलला. मग न्हाव्याबद्दल, रुमालामागे काहीतरी हललं. मग एका रविवारी, कानस रिकामीच फिरवत, त्याने पंखा सांगितला. आई काय म्हणायची, ताई काय म्हणते, काका काय म्हणतात. "आणि मी बंद केला," तो म्हणाला. "त्यांनी काय सांगितलं ते ठाऊक नसताना मी बंदच करून टाकला." इतकी वर्षं हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. बाईंनी हात पुढे केला. त्याने कवळी दिली. पाठ फिरवून, दात बसवून, त्या परत वळल्या आणि म्हणाल्या, "विचारता येईल की. भेटल्यावर."

"खरंच असं वाटतं तुम्हाला?"

"मी चाळीस पोरांपुढे उभी राहून न पाहिलेले देश शिकवले. कुठे काय पिकतं, पाऊस किती पडतो, सगळं. एकाही पोराने विचारलं नाही, बाई तुम्ही गेला होतात का? तुम्ही फार उशिरा वर्गात आलात आणि सगळे प्रश्न घेऊन आलात." असं म्हणून त्यांनी चहा ओतला. त्या संध्याकाळी दातकर घरी चालत आला, रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानातला पंखा बघत, आणि त्याला भलतंच वाटत राहिलं: वडील कुठेतरी खाटेवर उठून बसले आहेत आणि वाक्य पुरं करायला त्याची वाट बघत आहेत. थोडे वैतागलेले. ते वैतागलेले आहेत या विचाराने त्याला फार बरं वाटलं.

मग ऑर्गनवाले मधे आले. ऑर्गनवाले एरवी विम्याच्या कचेरीत काम करत आणि त्यांचा कान भारी तीक्ष्ण होता. गायकवर्गाच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग ठरलं होतं, आणि त्यांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, राग मानू नका, पण त्या दिवशी तुम्ही नुसते ओठ हलवा." बाईंनी हे दातकरला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज प्रथमच वर्गाबाहेरचा होता. "माणसांपुढे हलवले असते हो. त्याच्यापुढे नुसते ओठ कसे हलवू?" आणि त्यांनी स्वतःहून कवळी काढून पुढे ठेवली. दातकरने ती उचलली. थर तसाच होता, केसभर, त्याने इतके रविवार जिवापाड जपलेला. त्याला आपली फार शरम वाटली. आपल्या भीतीची सोय व्हावी म्हणून आपण एका म्हातारीला भर देवळात कुकर करून ठेवली होती. त्याने थर घासला, बोट फिरवलं, परत घासला, कापडाने चमकवला. पाच मिनिटं. "म्हणून बघा," तो म्हणाला. बाईंनी ते नाव म्हटलं, हळू, मग लांबवून, मग चढवून. स्वच्छ. त्यात चमचाभरसुद्धा हवा उरलेली नव्हती. बाईंचे डोळे भरले, आणि दातकरचेही, फक्त कारण वेगळं होतं.

रेकॉर्डिंग छान झाल्याचं कळलं. त्यानंतरच्या रविवारी दातकर अर्धी दाढी करून स्वयंपाकघरात उभा राहिला. बायको म्हणाली, "आज नाही का?"

"काम संपलं."

"मग तोंडाला साबण का?"

खिडकीतला जबडा, मागून ऊन पडल्यामुळे, खूप काही माहीत असल्यासारखा हसत होता. कवळीशिवाय तिथे जायचं म्हणजे काय म्हणून जायचं? आत शिरताना कोणी विचारलं तर? मरायला भितो म्हणून आलो, असं चारचौघांत कसं सांगतात? वडिलांच्या नावाला... तो थांबला. वडिलांच्या नावाला काय, हे त्यालाच पुढे सुचेना. उरलेली अर्धी दाढी त्याने इतक्या घाईत केली की कापलं. बायकोने न मागता इस्त्रीचा शर्ट पुढे केला. "जा," ती म्हणाली. "घरात बसून माझ्या नाडीवर बोट ठेवायला लागाल."

तो शेवटून दुसऱ्या बाकावर बसला. पंखा डुगडुगत होता. गायकवर्गातून बाईंनी त्याला पाहिलं. चष्म्याची दोरी जरा हलली. गीत सुरू झालं. दुसरी ओळ आली, ते नाव आलं, आणि छताला भिडेल अशी, लांब, ठणठणीत शिट्टी वाजली. पुढच्या बाकावरची पोरं, जी रेकॉर्डिंगला शिट्टी वाजली नाही तेव्हापासून दुःखात होती, अक्षरशः उड्या मारायची बाकी राहिली. ऑर्गनवाल्यांची मान गर्रकन वळली. दातकर ताठ झाला. हे शक्य नव्हतं. तो टाळू त्याने स्वतःच्या बोटाने तपासला होता. त्या जागेतून आता शिट्टी निघायची तर जीभ मुद्दाम पुढे आणून, ओठ गोळा करून, ठरवून वाजवावी लागणार होती. त्याने बाईंकडे पाहिलं. बाई डोळे मिटून, अत्यंत भक्तिभावाने, पुढच्या ओळीवर गेल्या होत्या. आणि तेव्हा त्याला सगळं समजलं: त्यांना पहिल्या रविवारपासून माहीत होतं. पाच मिनिटांचं काम कोणी इतके रविवार करत नाही, हे पोरांच्या खोट्या पोटदुख्या ऐकण्यात आयुष्य गेलेल्या बाईला कळणार नाही तर कोणाला?

दारात पाळकसाहेब प्रत्येकाचा हात हातात घेत होते. "अरेरे," ते दातकरला म्हणाले, "पुन्हा वाजली की हो. परत दुरुस्ती निघाली म्हणायची. यावं लागणार तुम्हाला." त्यांच्यामागे बाई छताकडे बघत उभ्या होत्या. उत्तर तयारच होतं, त्याच्या हातात आणून ठेवलेलं, नुसती मान हलवायची होती. बस निघून जात असताना धावत फळीवर पाय टाकावा तसं झालं त्याला.

"नाही," तो म्हणाला. "दात बरोबर आहेत. मी असाच आलो."

पाळकसाहेबांनी त्याचा हात सोडला नाही. "असाच?"

"असाच. भीती वाटते म्हणून."

"मग आत बसा थोडं," पाळकसाहेब म्हणाले, जसं काही तो ऊन फार आहे असं म्हणाला होता, आणि पुढच्या माणसाकडे वळले.

तो रिकाम्या बाकांमधून परत आत गेला आणि आपल्या जागेवर बसला. प्रार्थना कशी करतात हे त्याला माहीत नव्हतं. डोळे मिटायचे असतात एवढं पाहिलेलं होतं, ते त्याने मिटले. डोक्यावर दांडा डुगडुगत होता, गार झोत मानेवर येत होता, मागे कोणाची तरी पावलं येऊन थांबली. "तो पंखा जरा," दातकर म्हणाला, आणि थांबला. क्रियापदाची वाट बघितली नाही. पुढचं ज्याला पुरं करायचं असेल त्याने करावं, असं त्याला वाटलं, आणि हे आपल्याला वाटलं याचं थोडं आश्चर्यही वाटलं.

"आमेन," मागून बाई म्हणाल्या.

सवयीने त्याने कान दिला. ह्या शब्दात स नव्हता, श नव्हता. त्यावरून कवळीबद्दल काहीच सांगता येत नव्हतं.